बाकावरची रिकामी जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मी देवाला मानतो, बायबल वाचतो, घरी प्रार्थना करतो. मग दर रविवारी चर्चमध्ये जाऊन बसायलाच हवं का?’ हा प्रश्न ख्रिस्ती घरांत आता दबक्या आवाजात नाही, उघडपणे विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा नास्तिक नसतो आणि आळशीही नसतो. तो कामाने पिचलेला असतो, मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायातल्या, भांडणांना विटलेला असतो, किंवा श्रद्धा ही देव आणि आपण एवढ्यापुरतीच बाब आहे असं त्याला मनापासून वाटत असतं. घरातले मोठे त्याला ‘जायचं म्हणजे जायचं’ म्हणून गप्प करतात. मित्र ‘देव काय चार भिंतींतच असतो का?’ म्हणून त्याची पाठ थोपटतात. प्रश्नाला मात्र कुणीच हात घालत नाही. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

भिंतींपासूनच सुरुवात करू, कारण हा मुद्दा चौथ्या शतकात एका फार हुशार माणसाने मांडून झालेला आहे. व्हिक्टोरिनस हा रोममधला वक्तृत्वाचा नामांकित शिक्षक. शहराच्या चौकात त्याचा पुतळा उभारलेला. उतारवयात त्याने पवित्र शास्त्र बारकाईने वाचलं आणि सिम्प्लिशियानस नावाच्या ख्रिस्ती मित्राला एकांतात सांगितलं, मी आता ख्रिस्तीच आहे. मित्र म्हणाला, तुला ख्रिस्ताच्या मंडळीत पाहीपर्यंत मी ते मानणार नाही. व्हिक्टोरिनस हसला आणि म्हणाला, म्हणजे भिंती माणसाला ख्रिस्ती करतात तर! हा संवाद त्यांच्यात अनेकदा झाला, असं ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनात नोंदवलं आहे. पुढची नोंद जास्त महत्त्वाची. व्हिक्टोरिनसला भिंतींचं वावडं नव्हतं, त्याला आपल्या प्रतिष्ठित मित्रांची भीती होती. चर्चमध्ये शिरताना कुणी पाहिलं तर? भीती गेली तेव्हा युक्तिवादही गळून पडला. विश्वास जाहीर करायची वेळ आली तेव्हा, संकोच वाटत असेल तर खासगीत करा, अशी सवलत धर्मगुरूंनी देऊ केली. ती नाकारून त्याने सगळ्यांसमोर, उंच जागेवर उभं राहून विश्वास कबूल केला. ‘भिंती कशाला?’ या प्रश्नामागे दरवेळी भीतीच असते असं नाही. पण प्रश्नामागे दुसरं काही आहे का, हे एकदा स्वतःशी तपासून पाहायला हरकत नसावी.

एकांतात प्रार्थना करणाऱ्यांच्या हातात एक भक्कम वचन असतं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, प्रार्थना करताना खोलीत जा, दार लावून घे. बरोबर आहे, दिखाऊ प्रार्थनेवरचा तो उतारा आहे. पण त्याच अध्यायात, 6व्या वचनानंतर तीनच वचनांनी, येशू जी प्रार्थना शिकवतो ती ‘आमच्या स्वर्गातल्या पित्या’ अशी सुरू होते. पुढेही भाकर आम्हाला, क्षमा आम्हाला, सुटका आमची. ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ हे शब्द त्या प्रार्थनेत एकदाही नाहीत. दार लावून बसलेल्या माणसालाही ‘आमच्या’ म्हणावं लागतं, आणि मग हे ‘आम्ही’ कोण, हा प्रश्न दाराबाहेर उभा राहतो.

या विषयावर नेहमी वाचलं जाणारं वचन बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकातलं, 10:25 (अध्याय 10, वचन 25): काहींच्या चालीप्रमाणे एकत्र मिळणं सोडू नका. ते बहुधा रागावून वाचलं जातं आणि 24वं वचन गाळून वाचलं जातं. मूळ वाक्य तिथे सुरू होतं: प्रीती आणि सत्कर्मं यांना चालना मिळावी म्हणून एकमेकांकडे लक्ष द्या. म्हणजे एकत्र येण्याचं कारण ‘मला काय मिळतं’ हे नाहीच. शेजारी बसलेल्याला काय हवं आहे, हे आहे. ज्यांना हे लिहिलं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, असं त्याच अध्यायाच्या 34व्या वचनात आहे. तेव्हा ‘काहींनी’ येणं सोडलं त्याचं कारण केवळ सुस्ती नसून धास्तीही असू शकते. लेखकाला ते ठाऊक आहे. तरीही तो सांगतो की अशाच वेळी एकत्र येणं वाढवा.

माझा मुद्दा एवढाच आहे. चर्चला आपण काही घ्यायला जातो हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की आपली जागा भरलेली असणं ही दुसऱ्या कुणाची तरी गरज असते, आणि ती कुणाची हे आपल्याला आधी कळत नाही. ज्या रविवारी उपदेशातून आपल्याला काही मिळालं नाही त्या रविवारी आपण फुकट गेलो, असं वाटणाऱ्याने या दुसऱ्या अर्ध्याचा हिशेबच मांडलेला नसतो.

‘एकमेकांना’ या अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, जवळपास शंभर वेळा येतो. त्यातल्या आज्ञा घ्या. एकमेकांची ओझी वाहा (गलती 6:2). एकमेकांजवळ पापं कबूल करा (याकोब 5:16). एकमेकांना क्षमा करा (इफिस 4:32). कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा (1 पेत्र 4:9). कुरकूर तेव्हाही होत असणार, नाहीतर हे लिहावं लागलं नसतं. खुर्चीत एकट्याने बसून यातली एकही पाळता येत नाही. बाप्तिस्मा कुणी स्वतःचा स्वतः देत नाही. आजारी पडलात तर मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवा, असं याकोब लिहितो. ज्याची मंडळीच नाही त्याने कुणाला बोलवायचं?

मत्तय 18:20, ‘जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत’, हे वचन मग पुढे केलं जातं: आम्ही नवरा-बायको घरीच दोघं, झालं की! पण हे वचन ज्या उताऱ्यात आहे तो भावाने अपराध केला तर काय करायचं याबद्दलचा आहे: आधी एकट्याने जाऊन बोल, मग एक-दोघांना घेऊन जा, तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे या ‘दोघा-तिघांच्या’ मागे मंडळी उभी आहे. तिला सुट्टी देण्यासाठी ते वचन नाही.

आता इतिहासाकडे. रविवार हा सुटीचा दिवस म्हणून ख्रिस्ती लोक त्या दिवशी जमतात, हा समज उलटा आहे. पहिली जवळपास तीनशे वर्षं रविवार कामाचाच दिवस होता. इ. स. 112च्या सुमारास बिथिनियाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. उजाडण्यापूर्वी! रविवारच्या विश्रांतीचा हुकूम कॉन्स्टंटाइनने काढला तो 321 साली, आणि त्यातही शेतकऱ्यांना मोकळीक होती. ‘वेळच मिळत नाही’ असं म्हणणाऱ्यांना टोमणा म्हणून हे सांगत नाही. पण सुटी मिळाली म्हणून उपासना सुरू झाली नाही, उपासना चालू होती म्हणून सुटी मिळाली, हा क्रम लक्षात असावा.

त्या जमण्यात काय होत असे, याचं सगळ्यात स्वच्छ वर्णन 155च्या सुमाराला जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने करून ठेवलं आहे. शहरात आणि खेड्यात राहणारे सगळे एका ठिकाणी येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जातात. मग प्रमुख बोध करतो. सगळे उठून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, उपकारस्तुती होते, लोक ‘आमेन’ म्हणतात, वाटप होतं. ज्यांना जमेल ते इच्छेप्रमाणे देतात आणि तो पैसा अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांच्यासाठी प्रमुखाकडे ठेवला जातो. आणि एक बारीकशी गोष्ट, जी वाचताना सहज निसटते: जे आलेले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांचा वाटा घेऊन जातात. म्हणजे कोण आलं नाही हे माहीत होतं. ते कुठे सापडतील हे माहीत होतं. आणि न आलेल्याचा वाटा ठेवलेला असे. आजच्या किती मंडळ्यांना या तीन गोष्टी जमतात?

304 साली उत्तर आफ्रिकेतल्या अबितिना गावच्या 49 जणांना कार्थेजला खटल्यासाठी उभं केलं गेलं. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या हुकुमाने ख्रिस्ती सभांवर बंदी होती आणि हे लोक एमेरितुस नावाच्या माणसाच्या घरी जमले होते. त्यांना घरात का घेतलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, ते माझे भाऊ आहेत, मी अडवू शकलो नाही. प्रभूच्या या मेळाव्यावाचून आम्ही राहू शकत नाही. ‘राहू नये’ असं तो म्हणाला नाही. ‘राहू शकत नाही’ म्हणाला.

पण एक आक्षेप असा आहे की त्याला शहिदांचे दाखले देऊन चालत नाही: आमच्या मंडळीत राजकारण आहे, गट आहेत, श्रीमंताला पुढची खुर्ची मिळते, तिथे जाऊन मन शांत होण्याऐवजी बिघडतं. हे खरं असतं. नव्या करारालाही ते ठाऊक आहे. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला ‘इथे बसा’ आणि गरिबाला ‘तिकडे उभा राहा’ म्हणणाऱ्या सभेला याकोबाने दुसऱ्या अध्यायात झोडपलेलं आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला तर प्रेषित पौल स्पष्ट लिहितो की तुमच्या एकत्र येण्याने फायदा नाही, नुकसानच होतं. तिथे प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीला, काही जण आपापलं जेवण आधीच उरकत. एक उपाशी राहत असे आणि दुसरा पिऊन तर्र. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना खाली बघायला लावता, असे पौलाचे शब्द आहेत. एवढं बिनसलेलं असताना एखाद्याने म्हटलं असतं, बंद करा हे, आपापल्या घरी प्रार्थना करा. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायाच्या 17 ते 34 या वचनांत ‘एकत्र येता’ हे क्रियापद पाच वेळा वापरतो, आणि शेवटी त्याचा उपाय तीन-चार शब्दांचा आहे: एकमेकांसाठी थांबा.

थांबणं ही फार कमी लेखलेली उपासना आहे. सगळ्यांच्या हातात भाकर पोहोचेपर्यंत आपल्या हातातला तुकडा तसाच धरून ठेवायचा. शेवटच्या बाकावर पोराला कडेवर घेतलेली बाई, काठी टेकत येणारे आजोबा, नव्याने आलेला आणि काय करायचं ते न कळल्यामुळे इकडे-तिकडे पाहणारा तरुण. तबक त्यांच्यापर्यंत जाऊन परत येईपर्यंत कुणी खात नाही. त्या एका मिनिटात काही बोललं जात नाही. पण करिंथकरांना जे समजलं नव्हतं ते त्या मिनिटात घडतं. सगळ्याच परंपरांत भाकर अशी वाटली जात नाही. कुठे रांगेत जाऊन घेतात, कुठे वेदीपाशी गुडघे टेकून. तिथे थांबणं रांगेतल्या पुढच्याच्या पावलांवर असतं.

गाण्याचंही असंच. पौल इफिसकरांना स्तोत्रं, गीतं ‘एकमेकांशी बोला’ म्हणतो (5:19), म्हणजे गाणं देवासाठी तसंच शेजाऱ्याच्या कानासाठीही आहे. ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे त्याच्या घशातून ‘देव चांगला आहे’ ही ओळ निघत नाही. तो ओठ मिटून उभा राहतो आणि आजूबाजूचे ती ओळ त्याच्या वतीने म्हणतात. लांब ओळीत एकाचा श्वास संपतो तेव्हा दुसऱ्याचा चालू असतो, म्हणून सूर तुटत नाही. एकट्याने गाताना ओळीच्या मध्ये थांबावंच लागतं. आवाज बेसूर असला तरी गावं, असं मी म्हणेन. मोठ्या आवाजाच्या वाद्यवृंदापुढे लोक गायचेच थांबतात, तो दोष लोकांचा नसून ध्वनियंत्रणेच्या बटणाचा आहे.

पडद्यावरच्या उपासनेबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. 2020मध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा थेट प्रक्षेपणाने पुष्कळांना धरून ठेवलं. अंथरुणाला खिळलेले, त्यांची शुश्रूषा करणारे, रात्रपाळीवाले, परदेशी एकटे पडलेले यांना आजही त्याचा आधार आहे आणि तो काढून घेऊ नये. पण त्यातून काय पोहोचतं आणि काय पोहोचत नाही हे नीट वेगळं करावं. वाचन पोहोचतं, उपदेश पोहोचतो, गाणं अर्धं पोहोचतं. भाकर पोहोचत नाही. आणि तुम्हाला पडदा दिसतो, पडद्याला तुम्ही दिसत नाही: डोळे सुजलेले आहेत, दोन महिन्यांत वजन उतरलं आहे, नवरा-बायको बोलत नाहीत, हे कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला कुणाला कळत नाही. लांबून बोलण्याचं साधन पहिल्या शतकातही होतं, त्याला पत्र म्हणत. पौलाने ते भरपूर वापरलं, पण ती पत्रं जमलेल्या मंडळीत वाचा असं बजावलं (कलस्सै 4:16). आणि योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी लेखक सांगतो की लिहिण्यासारखं खूप आहे, पण कागद आणि शाईने नको. तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलेन, म्हणजे आनंद पूर्ण होईल. साधन वापरायचं आणि ते अपुरं आहे हे विसरायचं नाही, इतकंच.

माणूस चर्चपासून सुटतो कसा, हे जवळून पाहिलं तर त्यात वैचारिक बंड क्वचितच असतं. पहिला रविवार तापामुळे जातो. दुसरा पाहुण्यांमुळे. तिसऱ्या रविवारी कारण नसतं, पण आता गेलो तर ‘कुठे होता?’ असं चार जण विचारतील, त्याचा कंटाळा असतो. चौथ्याला तो कंटाळा म्हणजे संकोच होतो. न जाण्याला कारण लागत होतं, ते आता जाण्याला लागतं. विश्वास उडाला म्हणून येणं थांबलं असं आपण समजतो. पुष्कळदा येणं थांबल्यामुळे विश्वास एकाकी पडून हळूहळू विझत जातो. म्हणून जे करायचं ते तिसऱ्या रविवारच्या आत.

मंडळीने यासाठी काय करावं? हजेरी घ्यायची गरज नाही. शाळा नव्हे ती. दहा-बारा घरांमागे एक वडील किंवा सेविका नेमावी आणि त्यांनी उपासनेनंतर वहीत फक्त न दिसलेली नावं टिपावीत. सलग दोन रविवार नाव आलं तर मंगळवारपर्यंत फोन. फोनवर ‘दिसला नाहीत’ हे शब्द नकोत, त्यात ठपका असतो. ‘आठवण आली, सगळं ठीक ना?’ पुरे. तिसऱ्या आठवड्यात घरी भेट, दोघांनी मिळून, आधी विचारून, अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. भेटीत वर्गणीचा विषय काढू नये, कमिटीतली गाऱ्हाणी सांगू नयेत. एक लहान स्तोत्र वाचावं, ज्यासाठी प्रार्थना हवी ते ऐकून घ्यावं, तिथल्या तिथे प्रार्थना करावी. आणि ऐकलेलं रविवारी सर्वांसमोर, विचारल्याशिवाय, सांगू नये. ‘अमक्यांच्या घरच्या परिस्थितीसाठी प्रार्थना करू या’ असं म्हणत केलेली चुगली हे लोकांना मंडळीतून कायमचं घालवण्याचं खात्रीचं साधन आहे.

जे मुळात येऊच शकत नाहीत त्यांना गैरहजर धरू नये. कॅथलिक धर्मसभेच्या 1983च्या विधिसंहितेत रविवारच्या मिस्साचं (प्रभुभोजनाच्या उपासनेचं) बंधन आहे, पण आदल्या संध्याकाळी मिस्सा केला तरी ते पाळलं जातं आणि आजारपणासारखं गंभीर कारण असेल तर दोषही लागत नाही. इतर मंडळ्यांतही घरी प्रभुभोजन देण्याची सोय असते. अडचण एवढीच की मागितल्याशिवाय कुणी येत नाही आणि वृद्धांना मागायला संकोच वाटतो. यादी मंडळीने ठेवावी, मागण्याची वाट पाहू नये. पायऱ्यांना उतार, पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीपुरती मोकळी जागा, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी छापील वचन: यांतलं काही नसेल तर ‘ते हल्ली येत नाहीत’ हे वाक्य आपण चुकीच्या माणसाबद्दल उच्चारत असतो.

उपदेशाच्या लांबीबद्दलही एक शब्द. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (20वा अध्याय) एक प्रसंग आहे: त्रोवस शहरात आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला लोक जमले होते आणि पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खिडकीत बसलेला युतुख झोपेने पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी त्याला उचललं तेव्हा तो मेलेला होता. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत झाला, आणि सगळे पुन्हा वर गेले, भाकर मोडली, उजाडेपर्यंत बोलले. आजच्या पाळकांनी यातला पहिला भाग घेण्याआधी दुसरा आपल्याला जमेल का ते पाहावं.

येणाऱ्यासाठी सांगायचं तर, जायचं की नाही हे शनिवारी रात्री ठरवावं. रविवारी सकाळी अंथरुणात घेतलेला निर्णय कसा लागतो ते सगळ्यांना माहीत आहे. वाचनं आधी पाहून ठेवावीत. कॅथलिक आणि इतरही अनेक मंडळ्यांत तीन वर्षांचं ठरलेलं वाचनचक्र असतं, त्यामुळे उद्या काय वाचणार हे आज कळतं. दान आधीच बाजूला काढावं. पौलाने करिंथकरांना तेच सांगितलं होतं, कारण तबक समोर आल्यावर खिशात हात घालणं म्हणजे उरलेलं देणं. कुणाशी बिनसलं असेल तर एक निरोप तरी रात्रीच धाडावा. दिदाखे या अगदी सुरुवातीच्या काळातल्या पुस्तिकेत नियमच आहे की ज्यांचं भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत सभेत येऊ नये. याचा अर्थ ‘भांडण आहे म्हणून येत नाही’ असा लावून कुणी निवांत बसू नये. नियमाचा रोख समेटावर आहे.

दहा मिनिटं आधी पोहोचावं आणि दाराजवळचा शेवटचा बाक टाळावा. तिथे बसणारा आशीर्वादाच्या आधी उठतो, आणि एकमेकांशी बोलणं त्यानंतरच सुरू होतं. पुढची पंधरा मिनिटं थांबावं. पहिलं बोलणं ओळखीच्याशी नको. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्याशी. नाव विचारावं, लक्षात ठेवावं, पुढच्या रविवारी त्या नावाने हाक मारावी. मोठ्या मंडळीत माणूस वर्षभर येऊनही अनोळखीच राहतो त्याचं कारण दुष्टपणा नसतो; प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बोलला असेल.

एक तरी काम अंगावर घ्यावं: खुर्च्या लावणं, पेले धुणं, वचन वाचणं. काम असलं की आपली गैरहजेरी आपल्यालाच जाणवते. वाचनाचं काम वाटतं तितकं सोपं नाही. उतारा शनिवारी तीनदा मोठ्याने वाचावा. पहिल्यांदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा नावांसाठी, तिसऱ्यांदा श्वास कुठे घ्यायचा त्यासाठी. अध्याय आणि वचन सांगून थोडं थांबावं, लोकांना पान सापडू द्यावं. बहुतेक वाचक हे थांबणंच विसरतात आणि मग अर्धं वचन पानांच्या सळसळीत जातं. उलट चूक मंडळीची: तीच चार माणसं वर्षानुवर्षं सगळं करतात, थकतात आणि एक दिवस तीच येईनाशी होतात.

काही ठिकाणी जाऊ नये, हेही सांगायला हवं. संगीत आवडत नाही, पाळक रुक्ष बोलतो, खुर्च्या टणक आहेत, ही मंडळी सोडण्याची कारणं नव्हेत. पण जिथे हिशेब कधीच वाचून दाखवला जात नाही, खात्यावर एकाचीच सही चालते, पाळकाला प्रश्न विचारणं म्हणजे देवाचा विरोध असं शिकवलं जातं, लहान मुलांसोबत एकच मोठा माणूस बंद खोलीत असणं चालवून घेतलं जातं, किंवा आजारी माणसाला औषध बंद करायला सांगितलं जातं, तिथून निघावं. गुन्हा असेल तर पोलिसांत जावं. ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणून झाकलेल्या गुन्ह्याने मंडळीच पोखरली जाते. निघावं ते मात्र दुसऱ्या मंडळीत जाण्यासाठी. एका वैद्याने फसवलं म्हणून माणूस उपचारच सोडत नाही. नव्या ठिकाणी तीन-चार रविवार नुसतं बसून पाहावं: वचन वाचलं जातं का, गरिबाला कुठे बसवतात, उपासना संपल्यावर लोक एकमेकांशी बोलतात की गाड्यांकडे पळतात.

फार दिवसांनी परत येणाऱ्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात एक जागा आहे. येशूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य जमले तेव्हा थोमा त्यांच्यात नव्हता. का नव्हता, हे शास्त्र सांगत नाही आणि इतरांनी विचारल्याचीही नोंद नाही. त्यांनी त्याला एवढंच सांगितलं, आम्ही प्रभूला पाहिलं. त्याने विश्वास ठेवला नाही, अटी घातल्या, आणि तरीही आठ दिवसांनी तो त्यांच्यात बसलेला होता. म्हणजे आठवडाभर त्याच्या शंकेसकट त्यांनी त्याला जवळ ठेवलं. परत आलेल्या माणसाला उपासना चालू असताना कुणी वळून पाहू नये. शेजारच्याने थोडं सरकावं आणि गीतांचं पुस्तक चालू गाण्याच्या पानावर उघडून त्याच्या पुढे धरावं.

कळावे,
आपला,
एक ख्रिस्ती वाचक